कावेरीच्या खोलीत पाया पडायचं नाही

कावेरी,

परवा समाजाच्या देवळात तुझी शोकसभा झाली. हॉल भरला होता. तुला ते आवडलं नसतं. अध्यक्ष बोलायला उभे राहिले आणि पहिल्याच वाक्यात तुला दयेची मूर्ती म्हणाले. मग जो उठला तो तेच म्हणत सुटला. दयाळू, कनवाळू, परोपकारी. मी मागच्या रांगेत बसून तुझ्या फोटोकडे बघत होतो. फोटोत तू नेहमीसारखी, एक भुवई वर. मला वाटत होतं, आता ही हार काढून बाजूला ठेवेल आणि विचारेल, दया कुणी केली, कुणावर केली, नाव सांगा.

शेवटी माईक माझ्याकडे आला. तुझी अक्का, माझी बायको तुंगा, कानात म्हणाली, स्वल्पच बोला. मी एवढंच बोललो की माझी मेहुणी भांडखोर होती आणि तिचं माझं भांडण अजून मिटलेलं नाही. आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला दुःखाने काही सुचेना. सुचत होतं सगळं. पण ते त्यांच्याशी बोलायचं नव्हतं.

म्हणून लिहायला बसलो आहे. समाजाच्या अंकात दोन पानं राखून ठेवली आहेत म्हणे. जन्म कुठला, शिक्षण काय, नोकरीत कुठवर चढली, कोणकोणते सत्कार झाले, असं लिहा म्हणाले. ते त्यांना हवं तर तुझ्या पेन्शनच्या कागदांवरून उतरवून घेऊ देत. मी कन्नड शाळेत तिसरीपर्यंत गेलो, आणि मराठी आईने पोथीवर बोट ठेवून शिकवली. तेवढ्या शिदोरीत जे मावेल ते लिहीन. चुका सुधारू नका असं संपादकांना बजावलं आहे. तू असतीस तर सुधारल्या असत्यास, आणि त्यावरूनही आपलं वाजलं असतं.

तू पहिल्यांदा त्या कामासाठी माझ्या शिलाईच्या दुकानात आलीस ती दुपार मला चांगली आठवते. गांधी बझार जेवून पेंगत होता. फुलवाल्या बायका टोपल्यांवर ओलं फडकं टाकून कलंडल्या होत्या. तू ड्युटीवरून थेट आलेली, पांढऱ्या साडीतली, हेड नर्सचा चेहरा तसाच अंगावर. बसायला स्टूल दिलं तर बसली नाहीस.

“भावोजी, कपडे शिवून हवेत. परकर आणि झंपर.”

“कुणाचे? माप कुठंय?”

“माप नाही.”

“मग जुना झंपर दे, त्यावरून काढतो.”

“तो पोलिसांनी बांधून नेला.”

मला वाटलं चोरीबिरीची भानगड आहे. मग तू सांगितलंस. ज्या बाईवर, ज्या पोरीवर कुणी जबरदस्ती केली, तिला पोलीस तुमच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात तपासणीला आणतात. तपासणी झाली की अंगावरचे कपडे पुरावा म्हणून ठेवून घेतात. मग ती घरी जाणार कशात? हॉस्पिटलच्या गाऊनात, नाहीतर कुठल्या तरी आयाने आणून दिलेल्या विटक्या साडीत. आणि तोवर बसणार कुठे, तर सगळ्या रोग्यांसमोरच्या लाकडी बाकावर, शेजारी पोलीस. येणारा जाणारा वळून बघणार. तू मोठ्या डॉक्टरांच्या मागे लागून, मोडक्या खाटा टाकायची मागच्या अंगाची एक खोली रिकामी करून घेतली होतीस. त्या खोलीत तुला पाण्याचा माठ हवा होता, दाराला आतून कडी हवी होती, आणि कोरे कपडे हवे होते. दुसऱ्याच्या घराचा वास नसलेले, असं म्हणालीस.

मी सांगितलं की मापाशिवाय कात्री चालवणं माझ्या हाताला ठाऊक नाही. माझ्या बापाने चालवली नाही, मी चालवणार नाही. मापाशिवाय कपडा शिवणं म्हणजे नाव न विचारता कुणाला घरात घेणं.

“बरोबर तेच,” तू म्हणालीस. “त्या खोलीत नाव आधी विचारत नाहीत.”

आणि निघून गेलीस. मला विचार करायला ठेवून जायची तुझी ही खोड लग्नात तुला पहिल्यांदा बघितली तेव्हापासूनची.

शिवलं मग. शिवणार नाही तर काय करणार. परकराला नाडी, म्हणजे कुणालाही बसेल. झंपर सैल, शिवणीत माया भरपूर, की उसवून मोठा करता येईल. मागे हुक नाहीत, कारण मागचे हुक लावायला दुसरं माणूस लागतं, आणि तू म्हणालीस की त्या वेळी पाठीमागे कुणी उभं राहिलेलं त्यांना नको असतं. पुढे बटणंही नकोत, हात थरथरतात. रुंद बंद लावले, आंधळ्यालाही बांधता येतील असे. पहिला जोड तुझ्या अक्काने घालून बघितला आणि म्हणाली, तुमच्या उभ्या आयुष्यात तुम्ही इतका वेडाबागडा कपडा शिवला नसेल. खरं होतं. पण बसत होता. तिला बसला, समोरच्या इडलीवाल्याच्या बारक्या सुनेलाही बसला.

मग ते ताक्याचं झालं. चिक्कपेटेच्या कापडबाजारात मी एक अख्खा ताका उचलला. निळ्यावर बारीक पिवळी फुलं. पक्का रंग, मऊ पोत, घाऊक भावात. सगळे जोड त्याच ताक्यातून शिवले. घड्या करून ढीग लावला तेव्हा मीच बघत बसलो होतो. तूही खूश झाली होतीस, हे आता तू नाकबूल करशील, पण झाली होतीस.

त्या वर्षी बसवनगुडीत शेंगांची जत्रा भरली तेव्हा तू जत्रेतून थेट दुकानात आलीस. हातात शेंगांचा पुडा, एकही फोडलेली नाही. तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी बिनसलंय. तू सांगितलंस की देवळाच्या चढावर एक बाई शेंगा मोजून घेत होती, पोराला कडेवर घेऊन. अंगावर निळ्यावर पिवळी फुलं. आणि तुमच्याच हॉस्पिटलातल्या दोन आया तिथे उभ्या होत्या. एकीने दुसरीला कोपर मारलं. एवढंच झालं. पण त्या बाईने ते बघितलं, शेंगा तिथेच ठेवल्या आणि गर्दीत शिरली.

“भावोजी, तुम्ही त्यांना गणवेश शिवलात.”

मी म्हणालो, कापड चांगलं होतं. आजही म्हणतो. कापड चांगलंच होतं, म्हणून तर तिने टाकून दिलं नाही. गरीब बाई कोरा कपडा का टाकेल? वाईट असतं तर घरी गेल्यावर त्याचं पायपुसणं झालं असतं आणि कुणाला कळलं नसतं. हे मी तुला तेव्हाही ऐकवलं, आणि तू महिनाभर माझ्याशी बोलली नाहीस. पण त्यानंतर मी चिक्कपेटेत जाऊन कटपीस आणायला लागलो. एक हिरवा, एक विटकरी, एक चौकड्यांचा, एक रेघांचा. एकासारखा दुसरा नाही. दुकानदार हसायचा, म्हणायचा, अण्णा, गोधडी शिवायला घेतलीत काय. तू एक दिवस येऊन ढीग चाळलास आणि शेजारच्या हॉटेलातून बाय-टू कॉफी मागवलीस. आपल्यात समेट असाच व्हायचा. एक कॉफी, दोन पेले, आणि झाल्या गोष्टीचा शब्द नाही.

उरलेला ताका मी फेकला नाही. फळीवर वरच्या बाजूला ठेवून दिला. त्यावरूनच पुढचं सगळं झालं.

एक बाई रविके, म्हणजे झंपर, शिवायला टाकायला आली होती. बोलता बोलता तिची नजर वर गेली आणि थांबली. बराच वेळ ती त्या निळ्या कापडाकडे बघत होती. मग तिने कन्नडात विचारलं, ते मोठ्या हॉस्पिटलातले कपडे तुम्हीच शिवता का. मी हो म्हणालो. तिने पायातल्या चपला काढल्या, पायरी चढून आत आली आणि मशीनजवळ बसून माझ्या पायांवर डोकं ठेवलं. नाव मला माहीत नाही, मी विचारलं नाही. ती रडत नव्हती. उठली, पदर सारखा केला आणि रविके कधी मिळेल ते विचारून गेली.

कावेरी, त्या संध्याकाळी माझी छाती कशी फुगली होती ते तू बघितलंच आहेस. तू जेवायला आली होतीस. तुंगाने चित्रान्न केलं होतं. मी सगळं रंगवून सांगितलं. तुझा घास हातातच राहिला.

“आणि तुम्ही पडू दिलंत?”

“मी आशीर्वाद दिला.”

“कशाबद्दल?”

मी आवाज चढवला. कुणी प्रेमाने पाया पडलं तर ढकलून द्यायचं काय? तू ताट बाजूला सारलंस. म्हणालीस, घराला आग लागली तर बंब येतो. आग विझल्यावर कुणी बंबवाल्यांच्या पाया पडतं का? उशीर झाला तर उलट शिव्या घालतात. कारण लोकांना ठाऊक असतं, बंब आपला आहे. ती बाई तुमच्या पाया पडली, कारण तिला वाटतं तिच्यावर उपकार झाले. तिला आधीच एकाने लुटलं, आता ती दुसऱ्याची ऋणी होऊन बसली. हा काय न्याय झाला?

तुंगा म्हणाली, पुरे आता, भात थंड होतो. पण तू आणि मी त्या दिवसापासून तेच भांडतोय. तेव्हा ते ताटावर होतं, आज कागदावर आहे.

माझं म्हणणं साधं होतं. आपण चार माणसं मिळून हे चालवतोय ना? कॉफी पावडरवाला पावडर देतो, मी कपडे देतो, रिक्षावाला रामण्णा भाडं न घेता पोरींना घरी सोडतो. स्वच्छ काम आहे. सरकारला यात घेतलंस की झालं, माठावर नंबर पडेल आणि पाणी प्यायला सही लागेल. आम्ही या गावात शेकडो वर्षं आहोत, राजे बघितले, गोरे बघितले, कुणाच्या दारात हात पसरला नाही. तुझं म्हणणं होतं की हे हात पसरणं नव्हे. पोलीस सरकारचे, कोर्ट सरकारचं, हॉस्पिटल सरकारचं, ती बाई मीठ घेते त्यावरसुद्धा कर भरते. मग तिच्या अंगावरचा कपडा आणि तिच्याजवळ बसणारं माणूस एवढंच दानावर का?

ते जवळ बसणारं माणूस म्हणजे रत्नम्मा. अंकाच्या वाचकांसाठी सांगतो, कारण शोकसभेत तिचं नाव कुणी घेतलं नाही. रत्नम्मा त्या खोलीत बसायची. तिचं काम तेवढंच, बसायचं, पाणी द्यायचं, आणि बाई स्वतः बोलेपर्यंत काही विचारायचं नाही. तू म्हणायचीस की हॉस्पिटलातलं सगळ्यात अवघड काम तिचं आहे, कारण डॉक्टरसुद्धा गप्प बसू शकत नाहीत. तिचा पगार एक लोखंडाचे शेठ द्यायचे. भला माणूस. पण एका दिवाळीत त्यांच्या मनात आलं की दारावर आपल्या आईच्या नावाची संगमरवरी पाटी लावावी. तू नको म्हणालीस. त्या दारावर कसलीच पाटी नको, पाटीखालून आत जाताना बघणाऱ्याला कळतं. शेठना वाटलं, आपल्या आईचा अपमान झाला. पगार थांबला.

मी म्हणालो, लाव ना पाटी. लहानशी. आतल्या बाजूला. तू माझ्याकडे असं बघितलंस की मी पाटीचा विषय सोडला. मग म्हणालो, रत्नम्माचं मी बघतो. तू विचारलंस, आणि तुम्ही आजारी पडलात की? मी म्हणालो, मी आजारी पडत नाही. त्यावर तुझी अक्का आतून मोठ्याने हसली.

रत्नम्मा शिलाई कारखान्यात कामाला लागली, तिला घर चालवायचं होतं. खोलीला कुलूप पडलं. तुझ्या ड्युटीच्या वेळी तू उघडायचीस, एरवी बंद. आणि मग ती दुपार आली, तू रजेवर असतानाची. एक शाळकरी मुलगी आणली होती. ती दिवस मावळेपर्यंत त्याच जुन्या बाकावर बसून राहिली, शाळेच्या युनिफॉर्मवर कुणाची तरी शाल टाकून. समोर कुलूप लावलेली खोली. आत माझे कपडे घड्या घालून ठेवलेले.

हे तू मला सांगितलंस तेव्हा ओरडली नाहीस. ओरडली असतीस तर मला बरं वाटलं असतं. तू म्हणालीस, “दान म्हणजे देणाऱ्याची मर्जी, भावोजी.”

मी म्हणालो, “आणि सरकार म्हणजे कारकुनाची मर्जी.”

“कारकुनाशी भांडता येतं. दात्याशी भांडता येत नाही.”

दुसऱ्या दिवसापासून तू सरकारी कचेरीच्या फेऱ्या सुरू केल्यास, खोलीचा खर्च सरकारने उचलावा म्हणून. मग रिटायर झालीस तरी फेऱ्या चालूच. सिटी बसने जायचीस, पिशवीत पाण्याची बाटली आणि छत्री. मी दुकानातून हाका मारायचो, काय मंत्रीणबाई, आज खुर्ची मिळाली का बाक? तू म्हणायचीस, बाक, पण पंख्याखालचा. एकदा तू मला बरोबर चला म्हणालीस. म्हणालीस, कपड्यांबद्दल विचारतात, तुम्ही असलेले बरे. मी सांगितलं, सरकारच्या दारात मी उभा राहत नाही. तू सरी, म्हणजे बरं, म्हणालीस आणि छत्री उघडून निघालीस. पुन्हा कधी विचारलं नाहीस. रत्नम्माला मात्र तू परत आणलंस, पदरच्या पेन्शनमधून पगार देऊन, आणि हे मला ती स्वतः स्मशानात भेटली तेव्हा कळलं. मला देऊ दिलं नाहीस आणि स्वतः देत बसलीस. याचा जाब मला तुला विचारायचा होता. राहिला.

तू दुपारी झोपलीस ती उठलीच नाहीस. कुणाला सेवा करायची संधी दिली नाहीस, कुणाचे उपकार घेतले नाहीस. तुझ्या पद्धतीने गेलीस, त्याबद्दल मी देवाला दोष देत नाही. दुकानात बसलो की हॉटेलचा पोऱ्या सवयीने बाय-टू आणून ठेवतो. मी दोन्ही पेले पितो. परत पाठवायला जीव होत नाही.

तुझं तेरावं झाल्यावर तुझ्या अक्काने कपाटातून माझा पांढरा शर्ट काढून ठेवला. म्हणाली, तिला कचेरीत बुधवारची वेळ दिली होती. आता तुम्ही जा. मी म्हणालो, मला तिथलं काय कळतं. ती म्हणाली, तुम्हाला भांडायचं कळतं ना, मग जा.

गेलो. बाक मिळाला, पंख्याखालचाच. माझ्या शेजारी पिशवीत एक हिरवा परकर आणि चौकड्यांचा झंपर होता. साहेबांनी आत बोलावलं. चाळिशीतला माणूस, नीट बोलणारा. यजमानरे, बसा म्हणाला. तू गेल्याचं कळलं होतं त्याला. खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं. त्याने सांगितलं की कागद शेवटच्या टेबलापर्यंत आले आहेत, पण वरून एक शंका काढली आहे आणि तिचं उत्तर लिहिल्याशिवाय पुढे जाणार नाही. मग त्याने ती शंका मला कन्नडात सांगितली.

“इतकी वर्षं तुम्ही चांगल्या माणसांनी हे आपलं आपण चालवलंत. उत्तम चालवलंत. मग सरकार मध्ये कशाला? सरकार आलं की कामाचं काय होतं, ते तुम्हाला ठाऊकच आहे.”

कावेरी, ते माझं बोलणं होतं. माझ्याच तोंडचं, माझ्याच चालीवर. क्षणभर वाटलं, तूच जाताना त्याला शिकवून ठेवलंस, माझी फजिती बघायला. मला हसू आलं. साहेब बघत राहिला.

मी म्हणालो, सार, एक बाई माझ्या पाया पडली. मी काय केलं होतं, तर परकर शिवला होता. रस्त्यावर दिवा लागतो, त्याच्या उजेडात चालणारा माणूस कुणाच्या पाया पडतो का?

तो हसून म्हणाला, “दिवेसुद्धा पुष्कळदा बंद असतात, यजमानरे.”

“असतात. पण बंद असला की लोक इथे येऊन तुमच्यावर ओरडतात. उद्या मी शिवणं बंद केलं तर माझ्यावर येऊन कोण ओरडणार?”

त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला. मी त्याला त्या शाळकरी मुलीची दुपार सांगितली, कुलूप आणि बाक. शेठचं नाव घेतलं नाही. ते वाईट नव्हते, तेच तर तुझं म्हणणं होतं, की माणूस चांगला असूनही कुलूप पडतं. मग त्याने लिहायला घेतलं. इंग्रजीत लिहीत होता. मी म्हणालो, काय लिहिलंत ते मला वाचून दाखवा, माझ्या मेहुणीला सांगायचं आहे. त्याने कन्नडात वाचलं. ही मदत नाही, हॉस्पिटलच्या कामाचाच भाग आहे, बसणाऱ्या बाईचा पगार आणि कपडे सरकारी खर्चातून व्हावेत, देणगीवर सोडू नयेत, असं. मी ते दोनदा वाचायला लावलं.

मी पिशवीतले कपडे काढून टेबलावर ठेवले. त्याने बंद ओढून बघितले. म्हणाला, सरकारी खरेदी झाली की सगळं एका ताक्याचंच येणार, वर शिक्काही असेल. मी म्हणालो, एका ताक्याचं चालणार नाही, शिक्का तर नाहीच. लिहा.

“कारण लिहावं लागतं.”

“कारण माझी मेहुणी महिनाभर माझ्याशी बोलली नव्हती.”

मग त्याला जत्रेतलं सगळं सांगितलं, कोपर मारलं तिथपर्यंत. त्याने तेही लिहिलं. त्याच्या भाषेत लिहिलं, पण लिहिलं.

मंजुरी अजून आलेली नाही. पैशांच्या खात्याची सही व्हायची आहे. येईल. नाही आली तर मी पुन्हा जाणार, त्या बाकाला आता माझी सवय झाली आहे. साहेबाने निघताना विचारलं, तोवर तुम्ही शिवत राहाल ना? मी म्हणालो, शिवीन, पण माझं काम म्हणून नाही. तुमचं काम अडलंय, ते मी तोवर करतोय. उशीर केलात तर ओरडायला येईन. तो सरी म्हणाला. त्याचा सरी तुझ्यासारखा नव्हता, पण बरा होता.

तू जिंकलीस असं मी म्हणणार नाही. उद्या माठावर नंबर पडला तर मी वर येऊन तुला दाखवीन. पण तू गेल्यावर जे सगळे तुला दयाळू म्हणतात, त्यांना मात्र मी सांगतो की कावेरीने कुणावर दया केली नाही. ज्याचं होतं ते त्याला मिळावं म्हणून ती बसने हिंडत होती.

काल कपड्यांचा गठ्ठा घेऊन हॉस्पिटलात गेलो होतो. मागच्या अंगाला, खोलीच्या दारात पोचलो तोच दार उघडलं. एक तरुण बाई बाहेर आली, मागे तिची आई असावी. अंगावर विटकरी परकर आणि रेघांचा झंपर. बंद घट्ट बांधलेले. माझीच शिवण, मी ती रस्त्याच्या पलीकडूनही ओळखीन. वाट चिंचोळी आणि मी गठ्ठा घेऊन मधोमध उभा. तिने माझ्याकडे बघितलं, म्हातारा कोण, काय, काही नाही. हात जोडले नाहीत, मान खाली घातली नाही. कपाळाला आठी घालून म्हणाली, “स्वल्प वाट सोडा.”

मी वाट सोडली, कावेरी.